पहाटे तीन छप्पन्नची बातमी

दहावीच्या मराठीच्या पेपरात उपयोजित लेखनात एक प्रश्न येतो : बातमी तयार करा. विषय ठरलेलेच असतात. शाळेत वृक्षारोपण झालं, विज्ञान प्रदर्शन भरलं, मराठी भाषा गौरव दिन उत्साहात साजरा झाला. मुलं मथळा देतात, स्थळ आणि दिनांक टाकतात, शिरोभाग लिहितात, मग तपशिलाकडे वळतात. प्रमुख पाहुणे मनानंच ठरवायचे, त्यांचं भाषण मनानंच लिहायचं आणि किती रोपं लावली हा आकडाही आपणच द्यायचा. मांडणी नेटकी असली की गुण मिळतात. हजारो मुलं दरवर्षी अशी न झालेल्या कार्यक्रमाची बातमी लिहून पास होतात.

परीक्षेची अडचण समजते. तीन तासांत, बाकावर बसून, मुलं कुणाला भेटायला जाणार? पण आयुष्यातली पहिली बातमी मनानं रचलेली असणं मला बरं वाटत नाही. नाव बनवता येतं, आकडा बनवता येतो, माणसाच्या तोंडी वाक्य घालता येतं आणि त्याचे गुणही मिळतात, असं मुलाच्या हाताला वळण पडतं. शाळेची पत्रकारितेची सहल कशासाठी असावी, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर एवढंच आहे : हे वळण मोडण्यासाठी.

माकणी हे धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातलं, तेरणेच्या काठचं गाव. निम्न तेरणा प्रकल्पाचं धरण इथंच आहे, म्हणून लोक त्याला माकणीचं धरणच म्हणतात. अशा गावातल्या शाळेची ‘वृत्तपत्र कार्यालयाला भेट’ ठरली की गाडी लातूरला जाते, नाहीतर सोलापूरला. मुहूर्त बहुतेक वेळा जानेवारीतला. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ काढलं, तेव्हा त्यांचं वय विशीच्या आसपास होतं. तो दिवस आपण पत्रकार दिन म्हणून पाळतो, आणि त्या आठवड्यात वृत्तपत्रांच्या दारात शाळांच्या गाड्या लागतात.

मुलांना काय दाखवतात? आधी संपादकीय विभाग. संगणकांची रांग, पान लावणारा माणूस आणि मथळा बसत नाही म्हणून एक शब्द काढून दुसरा घालणारा उपसंपादक. मग छपाईचं यंत्र. ही जागा मुलांना सगळ्यात आवडते आणि त्यात वावगं काही नाही. कागदाचं रीळ इतकं जड असतं की चार मुलांनी जोर लावला तरी हलत नाही. पान आधी ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर उतरतं, म्हणजे प्लेट होते. रंगीत पानाला अशा चार प्लेटा लागतात : निळी, किरमिजी, पिवळी, काळी. एक प्लेट केसभर सरकली तरी फोटोतल्या मंत्र्याला दोन नाकं दिसतात. म्हणून पानाच्या कडेला बारीक फुल्यांच्या खुणा असतात. छपाई कामगार पहिल्या काही प्रती उचलून त्या खुणा डोळ्यांजवळ धरतो, चावी थोडी फिरवतो, पुन्हा एक प्रत उचलतो. बिघडलेल्या प्रती बाजूला पडत जातात. मुलं त्याच मागून घेतात आणि घरी जपून ठेवतात.

परत आल्यावर ‘सहलीत काय पाहिलं’ असा निबंध होतो. त्यात यंत्र तासाला किती प्रती छापतं ते असतं, रीळ किती किलोचं ते असतं, शेवटी आभार असतात. बातमी कुठून येते हे मात्र त्या निबंधात सापडत नाही, कारण ते कार्यालयात दिसतच नाही.

ते दिसायला हवं असेल तर त्या इमारतीत एक प्रश्न विचारावा : आमच्या गावची बातमी तुमच्याकडे येते कशी? मग तालुक्याच्या वार्ताहराचं नाव निघतं. एकेकाळी हा माणूस हातानं लिहिलेल्या कागदांचं पाकीट संध्याकाळच्या एसटीत चालक-वाहकाकडे देत असे आणि स्टँडवर कार्यालयाचा शिपाई ते उतरवून घेत असे. गाडी पंक्चर झाली तर बातमी दुसऱ्या दिवसावर जायची. मग फॅक्स आला, आता बातमी मोबाइलवरून जाते. बहुतेक ठिकाणी या माणसाला मिळणारं मानधन नाममात्र असतं. त्याला आधार असतो तो जाहिरातींतल्या कमिशनचा. त्यामुळे ज्याच्या वाढदिवसाची पुरवणी त्यानं मिळवायची, त्याच्याच विरोधातली बातमीही त्यानंच द्यायची, असा पेच त्याच्यापुढे वर्षभर असतो. दहावीतल्या मुलांना हे कळतं. त्यांना हे सांगायला हवं, कारण गावातल्या पेपरात काय येतं आणि काय येत नाही याचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

दुसरा प्रश्न : आमच्याकडे येणारा अंक कधी छापता? लांबच्या गावांचा अंक सगळ्यात आधी छापतात, त्याला डाक आवृत्ती म्हणतात. शहरातला माणूस झोपायच्या आत त्या आवृत्तीची पानं सोडून झालेली असतात. रात्री उशिरा काही घडलं तर शहराच्या आवृत्तीत ते येऊ शकतं, माकणीच्या अंकात येत नाही. वेळेची ही गणितं मुलांनी वहीत उतरवून घ्यावीत, कारण त्यांच्या स्वतःच्या परिसरातली सगळ्यात मोठी बातमी याच वेळेच्या पलीकडे घडली होती.

२९ सप्टेंबर १९९३ ही अनंत चतुर्दशी होती. गावोगाव गणपती विसर्जनाच्या मिरवणुका उशिरापर्यंत चालल्या. लोक थकून, उशिरा झोपले. ३० तारखेला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. तोवर त्या सकाळचे अंक छापून झालेले होते. ज्या दिवशी किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं जमीनदोस्त झाली, त्या दिवशीच्या सकाळच्या पेपरात त्याची एक ओळही असणं शक्य नव्हतं. जगाला ही बातमी कळली ती आकाशवाणीवरून, तारायंत्रांवरून, फोनवरून आणि वाचलेल्या माणसांच्या तोंडून.

किल्लारी माकणीपासून दहा-बारा किलोमीटरवर आहे आणि सास्तूर त्याहूनही जवळ. लातूरला जाणारी सहलीची गाडी याच मुलखातून निघते आणि न थांबता पुढे जाते. मला ही गोष्ट फार खुपते.

या दहा-बारा किलोमीटरांत बातमीदारीचा अख्खा अभ्यासक्रम पडलेला आहे. आकड्यांपासून सुरुवात करू. या भूकंपात किती माणसं गेली? शासकीय आकडा म्हणून ७,९२८ छापला जातो. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या नोंदीत ९,७४८ हा आकडा आहे. काही ठिकाणी नुसतं ‘दहा हजार’ लिहून मोकळे होतात. दोन छापील आकड्यांमध्ये अठराशेहून अधिक माणसांचा फरक आहे, म्हणजे एखादं मोठं गावच. मुलांना हे दोन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहून द्यावेत आणि विचारावं, आपल्या बातमीत कुठला घ्याल? मग आपोआप पुढचे प्रश्न येतात. मोजलं कुणी, कधी, कुठल्या गावांत? नंतर दवाखान्यात दगावलेली माणसं धरली का? ऊसतोडीला, मजुरीला आलेली, पण गावच्या रेशनकार्डावर नसलेली माणसं कुठल्या यादीत गेली? दहावीच्या पेपरातल्या बातमीत आकडा मनानं टाकणाऱ्या मुलाला, एका आकड्यामागं किती माणसं उभी असतात, हे इथं कळतं.

मग नावांचा गोंधळ. या भूकंपाला कुणी किल्लारीचा म्हणतं, कुणी लातूरचा. सास्तूर आणि त्याच्या आसपासच्या गावांनीही तेवढंच भोगलं, पण मथळ्यात त्यांचं नाव क्वचित आलं. ही गावं तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात आणि उमरगा तालुक्यात होती. लोहारा तालुका नंतर झाला आणि जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये धाराशिव झालं. जुनं कात्रण शोधणाऱ्या मुलानं ‘धाराशिव जिल्हा, लोहारा तालुका’ असं शोधलं तर त्याच्या हाती काही लागणार नाही. १९९३ चा कागद १९९३ च्या नावानं शोधावा लागतो. पत्रकारितेच्या पदविका वर्गात शिकवतात ती ही गोष्ट माकणीचं मूल एका दुपारी शिकू शकतं.

आणि घरं. या भागातलं जुनं घर म्हणजे माळवद. जाडजूड दगडी भिंती, दगडात मातीचा लेप, वर लाकडी तुळया आणि त्यावर मातीचा थरावर थर. पावसाळ्याआधी दरवर्षी वर नवी माती टाकायची, म्हणून छताचं वजन वाढत जायचं. उन्हाळ्यात हे घर थंड राहायचं, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तेच बांधलं गेलं. भिंतीचे बाहेरचे आणि आतले दगड एकमेकांत नीट गुंफलेले नसत, मधे खडी-माती भरलेली असे. जमीन हलली तेव्हा भिंती दोन्हीकडे फाटल्या आणि छप्पर सरळ झोपलेल्या माणसांवर आलं. ६.२ च्या आसपासच्या तीव्रतेचा भूकंप एवढी माणसं घेऊन गेला त्यामागं मुख्यतः ही घरं आणि ती वेळ होती. त्यानंतर जी नवी गावठाणं वसली त्यांत घरांचे आकारही जमिनीवरून ठरले. भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, त्याहून जास्त जमीन असणाऱ्याला ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. आज शाळेत जाणारी मुलं यातल्याच एखाद्या घरात वाढत आहेत. आपलं घर २५० फुटांचं का आणि मैत्रिणीचं ७५० चं का, हे त्यांनी घरात कधी विचारलेलं नसतं. बातमीदारीचा पहिला प्रश्न यापेक्षा जवळचा कुठं मिळेल?

भूकंपाच्या आदल्या वर्षी, १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये किल्लारी परिसराला धक्के बसले होते. लोक घाबरले होते. पुढे धक्के ओसरले आणि ती भीतीही ओसरली. कात्रणं चाळताना मुलांनी या दोन महिन्यांतले अंक जरूर पाहावेत : कुठल्या पानावर, किती ओळी, कुणाच्या तोंडचं काय.

धरणाचा प्रश्नही आहेच. १९६७ च्या डिसेंबरमध्ये कोयनेला भूकंप झाला, तेव्हापासून धरणाच्या पाण्याचा आणि भूकंपाचा संबंध महाराष्ट्रात चर्चेत आहे. किल्लारीनंतर काही शास्त्रज्ञांनी माकणीच्या जलाशयाकडं बोट दाखवलं. इतरांनी सांगितलं, हा जलाशय तुलनेनं लहान, आणि खडकात साठत आलेला ताण फार जुना. या वादात सगळ्यांचं एकमत झालं नाही. किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल भोक पाडून खडक तपासले गेले; ३३८ मीटरपर्यंत काळा कातळ आणि त्याखाली अतिप्राचीन पायाखडक लागला. गावात मात्र दोन ठाम मतं ऐकायला मिळतात : ‘धरणानंच झालं’ किंवा ‘धरणाचा काय संबंध’. मुलांनी दोन्ही ऐकावं, लिहून घ्यावं आणि शास्त्रज्ञांचं म्हणणं वेगळं मांडावं. ज्या प्रश्नाचा निकाल लागलेला नाही त्याची बातमी निकाल न लावता लिहिणं मोठ्यांनाही जड जातं. पंधरा वर्षांच्या मुलाला हे जमलं तर त्या सहलीचं चीज झालं.

आता विचारण्याविषयी. मुलाखत घ्यायला मुलं गेली की बहुतेक पहिला प्रश्न तयार असतो : तुम्हाला तेव्हा कसं वाटलं? टीव्हीवर त्यांनी हेच ऐकलेलं असतं. ज्या बाईची दोन लेकरं त्या पहाटे गेली तिला हे विचारू नये. तिच्याकडं या प्रश्नाला उत्तर नाही आणि आपल्याला तो विचारायचा हक्क नाही. त्याऐवजी असं विचारावं : आजी, त्या रात्री तुम्ही कुठं निजला होता? घरात, ओट्यावर, की शेतात? हा प्रश्न साधा आहे, पण सगळी गोष्ट त्यातून उलगडते, कारण त्या रात्री कोण वाचलं आणि कोण गेलं हे अनेकदा कोण कुठं झोपलं होतं यावर ठरलं. मिरवणूक बघून उशिरा आलेला पोरगा बाहेरच पडून राहिला आणि वाचला. सासुरवाडीचा पाहुणा मानानं आतल्या खोलीत झोपवला गेला. अशा कहाण्या या गावांतून सगळीकडं सांगितल्या जातात. आजी बोलायची थांबली तर मुलांनीही थांबावं. पेन खाली ठेवावा. ‘नको’ म्हणाली तर वही मिटून, तिनं दिलेलं पाणी पिऊन यावं. नाव छापू का, हे विचारावं आणि ती नाही म्हणाली तर छापू नये.

या रीतीचं काम आपल्याकडं नव्यानं शोधावं लागणार नाही. पत्रकार पी. साईनाथ यांनी नव्वदच्या दशकात देशातल्या सर्वांत गरीब जिल्ह्यांत हिंडून जे लिहिलं, त्याचं ‘दुष्काळ आवडे सर्वांना’ हे मराठी पुस्तक वाचायला मिळतं. डिसेंबर २०१४ मध्ये त्यांनी ‘पारी’, म्हणजे ग्रामीण भारताचं लोकसंग्रहालय सुरू केलं. तिथलं लिखाण मराठीतही येतं आणि त्या मराठीमागं मेधा काळे यांचं मोठं काम आहे. पारीचा शिक्षण विभाग शाळा-महाविद्यालयांतल्या मुलांना आपल्याच परिसरातल्या माणसांवर लिहायला लावतो. बुट्ट्या विणणारा, भाकरी थापून विकणारी, मेंढरं चारणारा ही तिथली ‘प्रमुख पाहुणे’ मंडळी. विद्यार्थ्यांचा मजकूर परत परत दुरुस्तीला येतो : वय विचारलंत का, मजुरी रोजची की हप्त्याची, कर्ज कुणाचं? देशातल्या प्रत्येक जिल्ह्यातल्या माणसांचे चेहरे, नाव आणि कामासकट, जमवण्याचा त्यांचा एक उपक्रमही आहे. माकणीच्या मुलांना पाहता येईल असं हे काम आहे आणि त्याला एक पैसा लागत नाही.

त्याहून जवळचं उदाहरण याच मातीतलं आहे आणि ते विसरलं जातंय याचं मला फार वाईट वाटतं. भूकंपानंतर पडझड झालेली घरं दुरुस्त करून मजबूत करण्याचा मोठा कार्यक्रम शासनानं जागतिक बँकेच्या मदतीनं हाती घेतला. गावं हजाराहून अधिक. कुणाला किती अनुदान, हप्ता कधी, कोपरे कसे बांधायचे, ही माहिती घरोघरी पोचत नव्हती. तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेबरोबर गावागावांतल्या बायकांना ‘संवाद सहायक’ नेमलं गेलं. ज्यांनी तोवर उंबरठ्याबाहेर फारसं पाऊल टाकलं नव्हतं अशा बायका वही घेऊन घरोघर फिरल्या, याद्या तपासल्या, अधिकाऱ्यांना प्रश्न विचारले, आणि तिथं मिळालेलं उत्तर परत येऊन बायकांच्या बैठकीत सांगितलं. त्यांना कुणी पत्रकार म्हटलं नाही. पण विचारायचं, पडताळायचं आणि परत येऊन सांगायचं, हे सगळं त्यांनी केलं. त्यातल्या कितीतरी जणी आज याच गावांत आजी म्हणून नांदत असतील. शाळेनं एकदा त्यांना वर्गात बोलवावं. मुलांना बातमीदारी शिकवायला त्यांच्याहून जाणतं माणूस लातुरातल्या कुठल्याही कार्यालयात मिळणार नाही.

दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकाचा पहिला पाठच क्षेत्रभेटीचा आहे. त्यातली मुलं नळदुर्गहून, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातून निघतात आणि अलिबागला जातात. वाटेत जमीन कशी बदलते ते पाहतात, नकाशा ताडतात, नोंदी घेतात. पाठ चांगला आहे. आपल्या जिल्ह्यातली मुलं पाहणारी आहेत, विचारणारी आहेत, हे त्यात दिसतं आणि मला त्याचा आनंद होतो. फक्त ती मुलं समुद्राकडं जातात. तेरणेकडं येणारी क्षेत्रभेट आपली आपणच आखायची आहे.

अशा सहलीला फार काही लागत नाही. दोन-तीन शिक्षक, पालकांची संमतीपत्रं, जेवणाचे डबे. आधीच्या आठवड्यात एखाद्या तासाला प्रश्न तयार करायचे आणि ‘कसं वाटलं’ हा प्रश्न खोडायचा. एका गटात तीन मुलं असावीत : एक विचारणारं, एक लिहिणारं, एक नुसतं ऐकणारं. तिसरं मूल सगळ्यात महत्त्वाचं, कारण लिहिणाऱ्याची मान खाली असते. सकाळी धरण, मग सास्तूर, दुपारी किल्लारीचा स्मृतिस्तंभ. तिथं दरवर्षी ३० सप्टेंबरला आदरांजली वाहिली जाते. बाकीचे दिवस बहुतेक शांतता असते, म्हणून बोलायला बरं. ग्रामपंचायतीत जुन्या नोंदी पाहायला मिळतात का, ते आधी विचारून ठेवावं. मिळाल्या नाहीत तर का मिळाल्या नाहीत हेही लिहावं.

परत आल्यावरचं काम मला सहलीपेक्षा मोलाचं वाटतं. प्रत्येक गटानं लिहिलेलं, ज्यांनी सांगितलं त्यांच्याकडं परत नेऊन मोठ्यानं वाचून दाखवायचं. आजी म्हणतील, ‘तसं नव्हे बाळा, थोरला माझ्याशेजारी नव्हता, बापाजवळ होता.’ मग ते वाक्य बदलायचं. इथं मुलाला जे कळतं ते कुठल्याही छपाईच्या यंत्रापाशी कळत नाही : छापायच्या आधी जाऊन विचारता येतं, आणि विचारलं नाही तर चूक आपली.

शेवटी हस्तलिखित करायचं. शाळांतली हस्तलिखितांची चाल अजून टिकून आहे; पहिल्या पानावर गणपतीचं चित्र, मग कविता, मग सुविचार. एका वर्षी त्यात सुविचारांऐवजी गावातल्या माणसांची तपासलेली, त्यांनी ऐकून होकार दिलेली बोलणी यावीत. एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाळेच्या ग्रंथालयात.

हे आता करायला हवं, कारण वेळ थोडा उरला आहे. त्या पहाटे विशीत असलेली माणसं पन्नाशी ओलांडून गेली आहेत, आणि तेव्हा संसाराच्या मध्यावर असलेली बरीच जण आज सांगायला उरलेली नाहीत. लोहारा, उमरगा, औशाच्या शाळांमधल्या मुख्याध्यापकांना आणि मराठीच्या शिक्षकांना माझी विनंती आहे : दिवाळीची सुट्टी संपली की सहलीच्या परवानगीचे अर्ज निघतील. लातूरच्या वृत्तपत्र कार्यालयाला मुलांना न्याच, पण त्या अर्जावर आणखी एक दिवस मागून घ्या आणि तो माकणी-सास्तूर-किल्लारीसाठी ठेवा.